पिवळ्या पानांवरची बाई

ते पुस्तक मला हॉस्टेलमध्ये माझ्याच खोलीत राहणाऱ्या मुलीने दिलं. इंग्रजी चित्रकथा होती, जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. ती म्हणाली, "माझे आजोबा गेले ना, तेव्हा मी हे चार वेळा वाचलं. ठेव तुझ्याकडे, परत द्यायची घाई नाही." तेव्हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रिपोर्ट येऊन पाच दिवस झाले होते आणि मी खोलीत कुणाशी फारसं बोलत नव्हते.

चित्रकथा म्हणजे लहान पोरांचं काहीतरी, असं मला तोवर वाटायचं. आमच्या घरात वाचायचं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, फवारणीच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि माझी शाळेची पुस्तकं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असलं पुस्तक कसं बघायचं असतं, हेही तिनेच मला सांगितलं. नुसते शब्द वाचत जाऊ नकोस, म्हणाली, रंग बघ.

मग मी रंग बघितले.

त्या पुस्तकात मृत्यू ही एक बाई आहे. पन्नाशीची, जराशी जाड, अंगात विटका स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. ती पायी येते. दार वाजवते. आत आल्यावर पायपुसण्यावर बूट पुसते आणि जो कुणी अंथरुणावर असेल त्याच्या उशाशी बुटकं स्टूल ओढून बसते. पुस्तकात सात घरं आहेत आणि प्रत्येक घरात ती आधी विचारते, "काही खाल्लंत का?" मग आपण कोण, कशाला आलो ते सांगते. आणि म्हणते, एखादं काम राहिलं असेल तर उरकून घ्या, मी थांबते. एका म्हाताऱ्याला बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायचं असतं, तर ही ओंजळीत त्याचे स्क्रू सांभाळत बसते. एका बाईला रुसलेल्या मुलाला पत्र लिहायचं असतं, तर ही पाकिटाला तिकीट लावून देते. काम झालं की ते माणूस उठतं आणि दोघं दारातून बाहेर चालत जातात.

चित्रकाराने तिला कुठेच काळ्या रंगात काढलेलं नाही. ती नसते ती पानं राखाडी आहेत. ती आली की पान पिवळं होत जातं, आधी दाराची फट, मग भिंत, मग चादर. उभी असली तरी ती समोरच्या माणसापेक्षा बुटकीच दिसते, तिला मान वर करून बोलावं लागतं. तिच्या बोलण्याची अक्षरं बारीक आहेत, म्हणजे ती हळू बोलत असणार. आमच्याकडच्या कॅलेंडरवर यम होता, रेड्यावर बसलेला, मिशांचा, हातात फास घेतलेला. टीव्हीवर तर तो यायच्या आधी ढग गडगडायचे आणि मी चादरीत तोंड घालायचे. ही बाई आमच्या दारात आली असती तर मी तिला तांब्याभर पाणी दिलं असतं. खरंच तसं वाटायचं.

हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण मी त्या बाईवर विसंबले. नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण तिथेच माझं चुकलं.

अण्णांना कावीळ झाली असं आधी सगळ्यांनाच वाटलं होतं. डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारे एक बाबा होते, त्यांच्याकडचं मुळीचं औषध तीन रविवार घेऊन झालं. मग मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या दवाखान्यात रिपोर्टचं पाकीट माझ्या हातात आलं, कारण आमच्यात इंग्रजी वाचणारी मीच होते. डॉक्टरांनी मामाला आणि मला आत बोलावलं. पित्ताशयाचा कॅन्सर आहे, म्हणाले, यकृतात पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. तीन महिने धरून चाला.

बाहेर व्हरांड्यात मामा म्हणाला, "दाजींना ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाई. मानूस धसक्यानंच जातंय."

"मग काय सांगायचं?"

"कावीळ म्हनून आलोय, तर कावीळच. तू वाचून दाखव. आमी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं न्हाई, तुझ्यावर इश्वास हाये त्यांचा."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. ती भिंतीवरची लहान मुलांच्या लशींची माहिती वाचत असल्यासारखी उभी होती. तिला नीट वाचता येत नाही.

अण्णा बाकड्यावर बसले होते, टोपी मांडीवर. "काय म्हनतोय कागद?"

मी कागद उघडला. ओळींवरून बोट फिरवत सांगितलं, "कावीळच आहे. जुनी झालीय, म्हणून वेळ लागेल."

"बरी व्हईल ना पर?"

"होईल."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "मंग चला. पावनं, च्या पाजा आता. तेल बंद, तिखट बंद, च्याचं काय लिवलं न्हाई ना कागदात?" मामा मोठ्याने हसला, जरा जास्तच मोठ्याने.

परत येताना राजगुरूनगर मागे पडल्यावर अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "औंदा भाऊबिजेला निमगावला जानार मी."

आईने औषधांची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

अण्णांना एकच बहीण, निमगाव सावाची माझी आत्या. त्यांच्याहून थोरली. माझी आजी लवकर गेली, तेव्हा अण्णांना अंगाखांद्यावर वाढवलं ते आत्याने. मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात तिने मला तिच्या मुलासाठी मागितलं. भावाची मुलगी बहिणीच्या घरात द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात विचारायचं असं काही नसतं, सुपारी कधी फोडायची एवढंच ठरवायचं असतं. मुलगा चांगला होता, अजून आहे. पण अण्णा म्हणाले, "पोरीला शिकायचंय." आत्या म्हणाली, "शिकून काय कलेक्टर व्हनार हाये का? का माझं घर हलकं पडलं तुला?" अण्णा कमी बोलायचे आणि बोललेलं मागे घ्यायचे नाहीत. त्या वर्षी राखी आली नाही. भाऊबिजेला अण्णा ओवाळून घ्यायला गेले नाहीत. मग दुसरं वर्ष, मग तिसरं. निमगाव आमच्यापासून मोटारसायकलवर तासाभराचं. मी पुण्यात इंग्रजी शिकत होते ते तो तासाभराचा रस्ता तुटला त्याच्या बदल्यात, हे मला माहीत होतं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही.

"आत्ताच जाऊ की अण्णा," मी म्हणाले. "गाडी आहे, नारायणगाववरून वळवू."

"आन् हे पिवळं तोंड घिऊन? ती म्हनंल, दुखनं आलं तवा बहीन आठवली. न्हाई. चांगला बरा व्हऊन जाईन, मोटारसायकलवर. तिच्या दारात हार्न वाजवीन."

भाऊबीज साडेतीन महिन्यांवर होती. डॉक्टरांनी तीन सांगितले होते.

मी दर शनिवारी घरी यायचे. अण्णांची खाट पडवीत टाकली होती, तिथून रस्ता दिसायचा आणि टोमॅटोचा प्लॉटही. पहिल्याच शनिवारी त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक बघितलं.

"चित्राचं पुस्तक? बी. ए.ला हे शिकिवत्यात?"

"अभ्यासाचं नाही. मैत्रिणीचं आहे."

"बघू."

त्यांनी पुस्तक छातीवर धरून घड्याळवाल्या म्हाताऱ्याचं घर बघितलं. सावकाश, एकेका चौकटीवर थांबत. अण्णा चौथी शिकलेले, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं, आता विचारतील ही बाई कोण, आणि कदाचित मी सांगेन. तेवढ्यासाठीच मी ते पुस्तक पडवीत घेऊन बसले होते की काय, कोण जाणे.

"ही डाक्टरीन हाये का?"

"का?"

"का म्हंजे? ह्यो म्हातारा हितं पडूनच हाये. ही आली, बसली, आन् हितं बघ, उठून बसला. हितं घड्याळ खोललं. आन् हितं निगाला की दारातनं चालत, हातात काठी बी न्हाई." त्यांनी पानं उलटली. "ही बाय बी उठली. सगळीच उठत्यात गं."

शब्द काढून घेतले तर ती चित्रं बरं होण्याची होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. चित्रकाराने मरण इतकं मऊ काढलं होतं, की ज्याला वाचता येत नाही त्याला ते दिसलंच नाही.

"नर्स आहे," मी म्हणाले.

"वाटलंच. डाक्टर एवढा येळ बसत न्हाई."

तेव्हापासून दर शनिवारी एक घर. मी बसमधून उतरून हातपाय धुऊन यायच्या आत ते विचारायचे, "तुजी नर्सबाई आली का?" मी चित्रं दाखवायचे आणि मनाने गोष्ट सांगायचे. आई लसूण सोलत उंबऱ्यावर बसायची. तिने एकदाही पुस्तकाकडे बघितलं नाही. अण्णांना मात्र त्या बाईचं कौतुक वाटायचं. "पायी येती, पायी जाती. सरकारी असंल, पर हिला एस. टी.चा पास न्हाई दिला." एकदा म्हणाले, "आली की आधी जेवलात का इचारती, हे लई ब्येस. आपल्याकडं आधी इचारत्यात, कार्ड आनलंय का." मी हसायचे. त्या शनिवारांमध्ये आम्ही जेवढं हसलो तेवढं आधी कधी हसलो नव्हतो.

पाचव्या घरात एक तरुण बाई आहे. सबंध पान पिवळं, मध्ये दोघींचे हात एकमेकींत. तरुण बाई काहीतरी विचारते आणि पिशवीवाली बाई एका शब्दात उत्तर देते. अण्णांनी नेमकं तिथे बोट ठेवलं.

"ही काय इचारती?"

"मी बरी होईन ना, असं."

"आन् नर्सबाई काय म्हनती? एकच शबुद हाये."

आईचे हात थांबले. रस्त्यावरून क्रेट भरलेली पिकअप गेली. तो शब्द 'नाही' असा होता.

"हो, अगदी ठणठणीत बरी होशील, म्हणतेय."

"एका शब्दात?"

"इंग्रजीत होतं एका शब्दात."

अण्णांनी मान हलवली. "चांगली भाषा हाये."

त्यानंतर अण्णांनी मोटारसायकल सर्व्हिसिंगला पाठवली. मंचरहून आत्यासाठी साडी आणवली, हिरवी, बारीक काठाची, ती ट्रंकेवर कागदात ठेवली. रोज सकाळी ते पडवीच्या खांबाला धरून उभं राहायचे आणि आईला विचारायचे, काल किती वेळ उभा होतो, आज जास्त झाला का. आई म्हणायची, झाला. होत नव्हता. पायांवर सूज येत होती आणि पोट फुगत होतं.

मी आत्याला कळवायला हवं होतं, हे कुणीही म्हणेल. मी दोनदा तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. ती आली असती तर त्यांना बघून रडली असती, आणि कावीळ झालेल्या माणसापुढे कुणी असं रडत नाही. आमचं खोटं टिकायचं तर आत्या लांब राहायला हवी होती. शिवाय, लिहायला लाज वाटते, मला मनातून खरंच वाटायचं की शेवटी कुणीतरी येईल. स्वेटरवाली बाई येईल असं नाही, तेवढी वेडी मी नव्हते. पण काहीतरी होईल, अण्णांना आपोआप कळेल, मध्ये एक दिवस मिळेल, त्या दिवसात आपण गाडी काढू आणि निमगावला जाऊ. सांगायचं काम माझं होतं. ते मी पुस्तकातल्या बाईवर टाकून मोकळी झाले.

भाद्रपदात एकदा विचारलं होतं, "अण्णा, आत्यालाच बोलवू का?"

"बोलवायचं कशाला? मी चाललोय ना. येवडी दिवाळी येऊ दे."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ते गेले. सकाळपासून श्वास लागला होता. पुस्तकातल्यासारखं काहीही झालं नाही. पान पिवळं झालं नाही, अण्णाच तेवढे पिवळे होते. कुणी स्टूल ओढलं नाही. ते हाताने चादर खेचत होते आणि दोनदा "पानी" म्हणाले, पाणी आत गेलं नाही. समोर रस्त्यावर शेजाऱ्यांचे क्रेट भरायचं काम चाललं होतं, माणसं मोजून वर देत होती. एकदा अण्णांनी डोळे उघडून दाराकडे बघितलं. मीही वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. पुन्हा त्यांच्याकडे बघितलं तेव्हा ते संपलेलं होतं. राहिलेलं काम कुणी विचारलं नाही.

आईचा आवाज ऐकून शेजारच्या बाया आल्या. मामा गावातच होता, तो आला. अर्ध्या तासाने त्याने मला बाजूला घेतलं. "निमगावला फोन लाव. तूच लाव, माझा त्या उचलायच्या न्हाईत. आन् गेले म्हनू नको. लई शिरियस हायेत, निघा, येवडंच म्हन."

आमच्याकडे असंच सांगतात. लेकीबहिणींना वाटेत धक्का बसू नये म्हणून फोनवर माणूस कधी मरत नाही, सिरियस असतं.

आत्याने दुसऱ्या रिंगला उचलला. "कोन?"

"आत्या, मी." तिने आवाज ओळखला की नाही कळेना. "अण्णा लई सिरियस आहेत. तुम्ही निघा."

"काय झालं त्याला?"

"कावीळ."

"बोलतोय का?"

"नाही."

"ऐकू येतं का?"

मी मामाकडे बघितलं. मामाने मान वर-खाली हलवली, म्हणजे हो म्हण, लवकर आटप.

"हो," मी म्हणाले.

"मंग फोन त्याच्या कानाला लाव."

मी आत गेले. बायांनी वाट दिली. अण्णांची हनुवटी उपरण्याने बांधली होती, त्याची गाठ डाव्या कानावर आली होती, म्हणून मी उजव्या कानाला फोन लावला. कान अजून कोमट होता. आत्या बोलत होती. शब्द नीट येत नव्हते, डब्यात खडे हलावेत तसा आवाज येत होता. 'राग न्हाई' एवढं एकदा कळलं, आणि एकदा त्यांच्या लहानपणीचं नाव, ज्या नावाने त्यांना दुसरं कुणी हाक मारत नव्हतं. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. आई रडायची थांबली होती. मी हात हलू दिला नाही. आवाज बंद झाल्यावरही जरा वेळ तसाच धरून ठेवला.

दीड-दोन तासांनी आत्या आली. तिच्या मुलाने जीप रस्त्यावरच थांबवली, कारण अंगणात पांढऱ्या टोप्यांची माणसं बसली होती. आत्याच्या हातात स्टीलचा डबा होता. तिने पेज करून आणली होती, गरम, वरून फडकं बांधलेली. माणसं बघून तिला कळलं. तिने डबा पायरीवर ठेवला, आत आली आणि रडायच्या आधी माझं मनगट धरलं.

"माझं ऐकलं ना त्यानं?"

मी हो म्हणाले.

दहाव्याला घोडनदीच्या घाटावर मंडप घातला होता. प्रवचन झालं, मग एकामागून एक माणसं माईकवर श्रद्धांजली वाहायला आली. अण्णांना जेमतेम ओळखणारे एक पुढारी म्हणाले, शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी आजाराशी झुंज दिली. मी बायांमध्ये बसले होते. ज्याला आजार माहीतच नव्हता त्याने कसली झुंज द्यायची. त्यांनी फक्त खांबाला धरून उभं राहायची सवय केली होती. घरी आल्यावर आईने ती हिरवी साडी आत्याच्या हातात दिली. "भाऊबिजेसाठी आनली व्हती त्यांनी." आत्याने घडी उलगडली नाही. "म्हंजे येनार व्हता," एवढंच म्हणाली.

पुण्याला परत गेल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी रंग बघितले नाहीत, फक्त तिचं बोलणं वाचलं. तेव्हा कळलं, ती बाई मऊ आहे, बुटकी आहे, खाल्लंत का विचारते, पण ती कुठेही खोटं बोलत नाही. एकाही घरात नाही. तिचा जो चांगुलपणा मला आवडला होता तो या खरं बोलण्यातच होता आणि नेमकं तेच गाळून मी अण्णांना गोष्ट सांगितली होती. मैत्रिणीने पुस्तक परत घेताना विचारलं, "बरं वाटलं ना वाचून?" मी हो म्हणाले.

माघात मी निमगावला गेले. आत्याला सगळं सांगायचं ठरवून गेले होते. कुणीतरी एकाला तरी खरं सांगितलं पाहिजे, असं मला वाटत होतं.

आत्या अंगणात चुलीपाशी होती. ती हिरवी साडी नेसलेली. "आलीस? जेवलीस का? बस, भाकरी टाकते." तेवढ्यात शेजारची एक बाई आली, तशी आत्या म्हणाली, "हीच ती माझी भाची. हिनंच फोन धरला. तीन वर्सं बोलला न्हाई, पर माझा आवाज ऐकला, डोळ्यातनं पानी काढलं आन् मंगच जीव सोडला." शेजारीण म्हणाली, "नशीब लागतं बया, असं बोलनं व्हायला." डोळ्यांतल्या पाण्याचं मी सांगितलं नव्हतं. ते तिच्याकडेच तयार झालं होतं.

शेजारीण गेल्यावर मी सांगितलं. तवा तापला होता, आत्या पीठ मळत होती.

"आत्या, फोन लावला तेव्हा अण्णा गेले होते."

तिचे हात पिठातच राहिले. "कवा?"

"अर्धा तास आधी."

"मंग मी कुनाशी बोलले?"

मग मी बाकीचंही सांगितलं. कावीळ नव्हती ते, रिपोर्ट, पुस्तक, नर्सबाई, मोटारसायकल, खांबाला धरून उभं राहणं. आणि त्यांना माहीत असतं तर ते त्याच दिवशी नारायणगाववरून गाडी वळवून आले असते, हेही.

"त्याला म्हाईत न्हवतं, मरतोय म्हनून?"

"नाही."

तव्यातून धूर यायला लागला. मग आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं न्हाईस. मंग मला कशाला सांगितलंस?"

मला वाटलं होतं मी त्या बाईसारखं वागते आहे. पण ती आधी येते. नंतर येऊन सांगणारं त्या पुस्तकात कुणी नाही.

आत्याने तवा उतरवला, चुलीतली लाकडं ओढून त्यांच्यावर पाणी मारलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन आत गेली. परात तिथेच राहिली. मी वाट बघितली. ती बाहेर आली नाही.

तिचा मुलगा मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायला आला. उसामधल्या त्या रस्त्याने हल्ली दिवसासुद्धा कुणी एकटं पायी जात नाही, बिबट्याचं भय असतं. त्याने घरातून सगळं ऐकलं होतं हे मला त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. स्टँडवर उतरल्यावर त्याने गाडी बंद केली.

"आई रोज कुनाला ना कुनाला ते फोनचं सांगायची," तो म्हणाला. "आता काय सांगंल?"

एस. टी. यायला वेळ होता. तो थांबला. आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो.